हा गडगा कुणाचा?

इंग्लंडात येऊन मला सहा महिने झाले होते आणि एका सकाळी भर रानात खोबऱ्याचा वास आला. २००३ सालचा एप्रिल संपत आला होता. प्लिमथच्या एका रुग्णालयात मी नर्स म्हणून लागले होते. सुट्टीच्या दिवशी खोलीत बसवेना, म्हणून समोर आली त्या बसमध्ये चढले आणि शहर संपून उघडा माळ लागला तिथे उतरले. वारा होता, ऊन कोवळं होतं आणि नाकात ताज्या खोबऱ्याचा वास. किसणीवर नारळ खोवताना येतो, अगदी तो. दोन्ही बाजूंना कमरेएवढी काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी लगडलेली होती. एक फूल तोडून हुंगलं, वास तिथूनच येत होता. या झुडपाला गॉर्स म्हणतात आणि त्याच्या फुलाला खोबऱ्याचा वास येतो हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या झुडपाजवळ उभी राहून रडले, आणि मग पुढे चालायला लागले.

मी चालत होते ते डार्टमूर. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी, डेव्हन परगण्यात, ९५४ चौरस किलोमीटरचं हे उंचावरचं मोकळं रान आहे. १९५१ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. सर्वांत उंच ठिकाण ६२१ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानाने टेकाडच. पण समुद्रावरून येणारा ढग पहिला इथेच अडतो, म्हणून मधल्या प्रिन्सटाउन गावात वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या राजापूर तालुक्यात त्याहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो. इथला बारा महिने झिमझिमतो आणि तो नसेल तेव्हा धुकं असतं.

‘मूर’ या शब्दाला शब्दकोशात माळरान, पडीक जमीन असे अर्थ सापडतात. मला विचाराल तर मूर म्हणजे सडा. कोकणातल्या माणसाला एवढं पुरे. गावाच्या वर, झाडीच्या वर, जिथे माती बोटभरच उरते, नांगर चालत नाही, पावसाळ्यात पाणी साचतं आणि गुरं चरतात, तो सडा. आमचा सडा जांभ्याचा, इथला ग्रॅनाइटचा. आमच्या सड्यावर पावसाळ्यात दवबिंदू नावाची इवली कीटकभक्षी वनस्पती उगवते. तिचीच बहीण इथल्या दलदलीत उगवते, तांबडी आणि चिकट, तशीच किडे धरणारी. सड्यावरून चंडोल गात गात सरळ वर चढतो. इथेही त्याचा भाऊबंद चढतो.

वॉर्डातले पेशंट विचारायचे, सुट्टीत कुठे गेलीस? मी डार्टमूर म्हटलं की काहीजण खुलत. पण बरेचजण म्हणत, तिथे काही नाही ग, नुसतं ओसाड. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्या सातबाऱ्यावर सड्याच्या जमिनीपुढे पोटखराबा लिहिलेलं आहे. लागवडीला अयोग्य, आकार नाही. बाबांना त्या शब्दाचा राग होता. आपली गुरं तिथे चरतात, घराचा चिरा तिथून आला, विहिरीचं पाणी तिथल्या कातळातून झिरपतं, मग खराबा कसा, असं ते तलाठ्यालाही विचारायचे.

ते बाबा २०१५ च्या मे महिन्यात महिनाभर माझ्याकडे आले. मी तोवर मूरच्या पश्चिम कडेला टॅव्हिस्टॉक गावात राहायला आले होते. बाबा ७२ वर्षांचे, जन्मभर शेती आणि गुरं. लंडनला नेलं तर पुलावर उभं राहून म्हणाले, नदी मोठी आहे, आणि गप्प झाले. पण दुसऱ्या दिवशी मूरवर नेलं तेव्हा गाडीतून उतरल्या उतरल्या हात उंचावून त्यांनी विचारलं, “हा गडगा कुणाचा? कुणी घातलान?”

समोरच्या उतारावर हिरवळीखाली दबलेली एक लांबट उंचवट्याची ओळ होती. मधून मधून दगडांची डोकी दिसत होती. त्या वाटेने मी बारा वर्षं जात होते आणि मला तो साधा उंचवटा वाटला होता. बाबांना तो रचलेल्या दगडांचा बांध दिसला, कारण त्यांनी तसे गडगे आयुष्यभर घातले होते, पडलेले उचलून पुन्हा लावले होते.

याला इथे ‘रीव्ह’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनीही हे उंचवटे पाहिले होते, पण त्यांचं खरं वय आणि एकूण आवाका १९७० च्या दशकात समोर आला. अँड्र्यू फ्लेमिंग या पुरातत्त्वज्ञाने ते पायी फिरून नकाशावर आणले. हे शेताचे आणि चराईचे बांध इसवी सनापूर्वी सुमारे १५०० चे, म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. आणि ते वेडेवाकडे नाहीत. एकमेकांना समांतर कित्येक किलोमीटर धावतात, नदीच्या खोऱ्यात उतरतात, पलीकडे चढतात, टेकडी आली म्हणून दिशा बदलत नाहीत. डार्टमीट या नदीसंगमाच्या परिसरात अशी वाटणी हजारो एकरांवर पसरलेली आहे. कुणीतरी उभं राहून, दोरी धरून, सगळ्यांना मान्य होईल अशी जमीन वाटून दिली होती. कुणी, ते आता कळायला मार्ग नाही. लिहिणं तेव्हा इथे नव्हतंच. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “आणि भांडणं झाली नसतील?” झालीच असणार.

मग आमचं रोजचं ठरून गेलं. मी नकाशा बघायची, बाबा जमीन बघायचे.

ग्रिम्सपाउंडला गेलो. दोन टेकड्यांच्या खिंडीत दगडांच्या जाड कोटाने वेढलेली जागा, आत २४ गोल घरांचे पाये. इसवी सनापूर्वी सुमारे १३०० ची ही वस्ती. घर म्हणजे दगडांचं एक कडं, आत तीन-चार माणसं पाय पसरून झोपतील एवढी जागा, वर लाकडाच्या वाशांवर गवताचं किंवा ढेपांचं छप्पर असणार. डार्टमूरभर अशा घरांचे सुमारे ५००० अवशेष मोजले गेले आहेत. बाबा एका कड्यात शिरले, मधोमध उभे राहिले, मग बाहेर आले आणि पाणी शोधायला लागले. एक ओहोळ कोटाच्या आतून जातो. तो सापडल्यावरच त्यांचं समाधान झालं. “रात्री गुरं आत घेतली तरी पाण्याला बाहेर जायला नको,” असं म्हणून त्यांनी जणू त्या गावाला दाखला दिला.

इथे थोडं थांबून जमिनीबद्दल सांगायला हवं. डार्टमूरचा ग्रॅनाइट सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटात तप्त रसाच्या रूपात वर सरकला आणि आतच थिजला. वरचे थर झिजून तो उघडा पडला. दगडाला उभ्या-आडव्या भेगा असतात. भेगांत पाणी मुरून दगड आतून कुजला, हिमयुगात पाणी गोठत-वितळत राहिलं, सैल भाग ओघळून गेला आणि घट्ट भाग टेकडीच्या माथ्यावर एकावर एक रचल्यासारखा उरला. यांना ‘टॉर’ म्हणतात. असे १६० च्या वर टॉर आहेत. लांबून पाहिलं तर कुणी भाकऱ्यांच्या चवडी ठेवल्यासारखे दिसतात.

पण खरा डार्टमूर दगडाचा नाही, पीटचा आहे. पीट म्हणजे न कुजलेला पालापाचोळा. ग्रॅनाइट पाणी खाली जाऊ देत नाही, वर स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं. पाण्याखाली हवा नाही, हवा नाही म्हणून कुजणं नाही, मेलेल्या शेवाळावर नवं शेवाळ. वर्षाला साधारण एक मिलिमीटर या चालीने हा काळा थर चढत जातो. काही ठिकाणी तो सात मीटरपर्यंत खोल आहे. त्यात अडकलेले फुलांचे पराग तपासले की कुठल्या काळी इथे काय उगवत होतं ते समजतं. आणि ते सांगतात की इथे रान होतं. ओक होते, हेझल होते. माणसांनी जाळलं, तोडलं, गुरं चारली, पुढे पाऊस आणि गारवा वाढला, पीट पसरला आणि झाडं परत आली नाहीत. लोक ज्याला ‘निसर्गाने सोडून दिलेली जागा’ म्हणतात ती माणसाच्या हाताने घडलेली आहे.

पीट जे धरतो ते सोडत नाही. उत्तरेच्या दुर्गम भागात व्हाइटहॉर्स हिल नावाच्या टेकडीवर पीटच्या ढिगातून दगडी पेटीचं टोक बाहेर आलं होतं. २०११ साली पुरातत्त्वज्ञांनी ती उघडली. आत एका तरुण व्यक्तीच्या जळलेल्या अस्थी होत्या, आणि त्या अस्थी अस्वलाच्या कातड्यात होत्या. शेजारी विणलेली परडी, परडीत दोनशेच्या वर मणी. त्यांत अंबरचे मणी होते, जे डार्टमूरवर मिळत नाहीत, आणि एक कथिलाचा मणी, जे कथिल इथे पायाखाली आहे. अंगाला खाज आणणाऱ्या रोपाच्या, म्हणजे इथल्या नेटलच्या, तंतूंपासून विणलेला आणि चामड्याची कड लावलेला एक पट्टा होता. लाकडाच्या कानातल्या कुड्या होत्या. सगळं सुमारे ३७०० वर्षांपूर्वीचं. २०१४ मध्ये प्लिमथच्या संग्रहालयात ते मांडलं तेव्हा मी ड्यूटी संपवून त्याच गणवेशात गेले होते. त्या कुड्यांसमोर मी बराच वेळ उभी होते. कुणाच्या तरी लेकराचे कान होते ते.

ही गोष्ट बाबांना सांगताना मला आमचा सडा आठवला. देवीहसोळच्या बाजूला कातळावर रेघा कोरलेल्या आहेत, शाळेला जाताना आम्ही त्यांवरून उड्या मारत जायचो. पांडवांनी एका रात्रीत कोरलं, एवढं ऐकून होतो. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई अशा रत्नागिरीकरांनी उन्हातान्हात सडे पालथे घालून ती कातळशिल्पं मोजायला घेतली, तेव्हा कळलं की कशेळीला केवढा मोठा हत्ती आहे, बारसूला माणूस आणि वाघांसारखी जनावरं आहेत, आणि आज कोकणात नसलेले प्राणीही कुठे कुठे कोरलेले आहेत. २०२२ साली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मी हे सांगत असताना बाबा म्हणाले, “म्हणजे आपणसुद्धा वरून चालत होतो आणि बघत नव्हतो.” ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

कथिलाचं सांगायचं राहिलं. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथिल. कथिल जगात थोड्याच ठिकाणी मिळतं आणि त्यांपैकी एक डार्टमूर. मध्ययुगात इथल्या ओढ्यांच्या काठचा गाळ पाण्याने धुऊन कथिलाचे खडे वेगळे करत. आज ज्या घळी आपल्याला नैसर्गिक वाटतात त्यांतल्या कित्येक या कामगारांनी उकरलेल्या आहेत. त्यांना राजाने वेगळे हक्क दिले होते, त्यांचे स्वतःचे कायदे, स्वतःची न्यायालयं आणि लिडफर्डला स्वतःचा तुरुंग होता. मूरच्या मधोमध क्रॉकर्न टॉर नावाचा खडक आहे. तिथे चार कथिल-नगरांतून प्रत्येकी २४ असे प्रतिनिधी जमायचे आणि उघड्यावर, दगडांवर बसून सभा चालायची. १५१२ साली रिचर्ड स्ट्रोड नावाच्या खासदाराने संसदेत मागणी केली की कथिलाच्या गाळाने बंदरं भरून जात आहेत, याला आळा घाला. कथिलवाल्यांनी त्याला दंड केला आणि लिडफर्डच्या कोठडीत टाकलं. त्यावर संसदेने कायदा केला. खासदाराला सभागृहात बोलल्याबद्दल बाहेर शिक्षा करता येऊ नये, या तत्त्वाच्या इतिहासात त्या कायद्याचं नाव आजही घेतलं जातं. एका पोटखराब डोंगरावरच्या गाळाची एवढी मजल.

पोस्टब्रिजला तोच काळ पाण्यावर उभा आहे. ईस्ट डार्ट नदीवर ग्रॅनाइटचे खांब आणि त्यांवर आडव्या टाकलेल्या चार-चार मीटर लांब शिळा. एकेक शिळा आठ टनांच्या वर. सिमेंट नाही, चुना नाही. लादलेली घोडी टॅव्हिस्टॉकच्या बाजाराला कथिल घेऊन यावरून जात. बाबांनी शिळेवर पाय आपटून पाहिला आणि म्हणाले, “साकव आहे हा.” इंग्रजीत त्याला क्लॅपर ब्रिज म्हणतात. मी पुढे कधी तो शब्द वापरला नाही.

पाटही तसाच. १५९१ साली फ्रान्सिस ड्रेकच्या देखरेखीखाली मीव्ही नदीचं पाणी प्लिमथपर्यंत आणलं, सुमारे २८ किलोमीटर, नुसता उतार साधत, डोंगराला वळसे घालत. त्या पाटाचा कोरडा चर अजून दिसतो. उतार किती ठेवलाय हे पाहायला बाबा त्यात उतरले आणि ओणवे होऊन एका डोळ्याने लांबवर बघत राहिले. आमच्या बागेत पोफळींना पाणी नेणारा पाट ते असाच बघायचे.

डार्टमूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना दोन गोष्टी आठवतात. शेरलॉक होम्सची शिकारी कुत्र्याची कादंबरी आणि प्रिन्सटाउनचा तुरुंग. तुरुंग १८०९ साली नेपोलियनच्या युद्धातल्या फ्रेंच कैद्यांसाठी सुरू झाला, पुढे गुन्हेगारांसाठी. दोन्ही गोष्टींनी या जागेची ओळख भीतीची केली. धुक्यात मीही एकदा वाट चुकले आहे, तीन तास ओढ्याच्या आवाजामागे चालत उतरले, त्यामुळे भीती खोटी आहे असं म्हणणार नाही. पण जिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं दळली, विणली, जन्मली, तिथली ओळख एका तुरुंगावर थांबावी हे मला खुपतं.

हाऊंड टॉरच्या पायथ्याशी मध्ययुगीन गाव आहे, चौदाव्या शतकात उठलेलं. प्लेग, थंडी, नापिकी, कारणं निरनिराळी सांगतात. भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या आहेत. घर लांबट, उताराला धरून. वरच्या अंगाला चूल आणि माणसं, खालच्या अंगाला गुरं, मधे एकच दार. गुरं खाली का, हे बाबांना सांगावं लागलं नाही. शेणमूत घरात येऊ नये म्हणून. खालच्या भिंतीत बाहेर जाणारी मोरी त्यांनी आधी शोधली आणि मला दाखवली.

तिथून जवळच रस्त्याच्या फाट्यावर एक लहानसं गवताळ थडगं आहे. किटी जे हिचं म्हणतात. लोक सांगतात ती गोष्ट अशी. अनाथ पोर, एका शेतावर कामाला ठेवली, घरातल्या मुलाकडून दिवस गेले, तिने गोठ्यात गळफास घेतला. आत्महत्या केलेल्याला तेव्हा चर्चच्या आवारात जागा नव्हती, चौरस्त्यावर पुरत. इंग्लंडात ती रीत १८२३ साली कायद्याने बंद झाली. १८६० मध्ये रस्त्याचं काम करताना तिथे एका तरुण बाईची हाडं सापडली, ती पेटीत ठेवून पुन्हा पुरली आणि थडगं बांधलं. गेली कित्येक दशकं त्या थडग्यावर ताजी फुलं असतात. कोण ठेवतं यावर वेगवेगळ्या कहाण्या आहेत. मी स्वतः ठेवते, माझ्यापुढे कुणी ठेवलेली असतात आणि माझ्यामागून कुणी ठेवून जातं. वॉर्डात अशा मुली मी पाहिल्या आहेत. म्हणून ठेवते.

आता जित्या डार्टमूरबद्दल. सुमारे ३६ हजार हेक्टर जमीन इथे सामायिक आहे. मालकी कुणाची तरी असते, मोठा भाग डची ऑफ कॉर्नवॉल या राजघराण्याच्या जहागिरीचा, पण चराईचा हक्क भोवतालच्या शेतांना पिढीजात लागून आलेला. कुठल्या शेताने किती गुरं, किती मेंढ्या, किती घोडी सोडायची हे ठरलेलं. १९८५ च्या कायद्याने या हक्कदारांची परिषद नेमली आणि त्याच कायद्याने सर्वसामान्यांना या जमिनीवर पायी आणि घोड्यावरून फिरायचा हक्क दिला.

मूरवरची बुटकी घोडी पाहुण्यांना रानटी वाटतात. एकही रानटी नाही. प्रत्येकीला मालक आहे, कानाला खूण आहे. शरद ऋतूत सगळे मिळून घोडी हाकत खाली आणतात, वेगळी करतात, तपासतात, काही विकतात. डनाब्रिजला जुना दगडी कोंडवाडा आहे, भटकी गुरं अडकवायचा. शॉ मूर इथे उत्खननात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या चिखलात घोड्यांच्या खुरांचे ठसे सापडले होते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वयस्क शेतकरी राहतात, पोनी आणि मेंढ्या असलेले. बाबांना त्यांच्याकडे नेलं. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता. त्यांनी घोडीचा कान धरून खूण दाखवली. बाबांनी मोबाईल काढून सर्जाचा, आपल्या बैलाचा, फोटो दाखवला. मग दोघे गोठ्यात गेले आणि मी बाहेर अर्धा तास उभी. त्या शेतकऱ्यांनी मला ‘लीअर’ हा शब्द शिकवला. कुंपण नसताना मेंढी आपल्याच टापूत का राहते? कारण तिच्या आईने तिला तिथेच वाढवलं. तो टापू म्हणजे तिचा लीअर. कळप एकदा विकून टाकला की नव्या मेंढ्यांना ते ज्ञान नसतं, पिढी जावी लागते.

आज भांडण याच चराईवर आहे. मेंढ्या जास्त झाल्या म्हणून हेदरची जांभळी झुडपं गेली, असं निसर्गसंरक्षक म्हणतात. गुरं-घोडी कमी केली म्हणून राठ मोलिनिया गवत माजलं आणि सगळं गिळत चाललं, असं शेतकरी म्हणतात. २०२३ च्या डिसेंबरात सरकारने नेमलेल्या स्वतंत्र समितीचा अहवाल आला. त्यात दोघांनी एकत्र बसावं हेच वळूनवळून सांगितलं आहे. मला वाटतं मेंढी आणि गुरं यांत फरक करायला हवा. गाय-घोडी राठ गवत खातात, तुडवतात, मोकळं करतात, मेंढी कोवळं निवडून खाते. हे बाबाही सांगायचे, बकरी आणि गाय यांच्याबद्दल. पीटमधले जुने चर बुजवून पाणी पुन्हा अडवण्याचं काम मात्र जोरात आहे आणि ते मी डोळ्यांनी पाहते आहे. सुकून भेगाळलेल्या काळ्या जागी दोन-तीन वर्षांत हिरवं शेवाळ आणि कापसासारखी पांढरी बोंडं डोलायला लागली.

रात्री उघड्यावर तंबू टाकून राहायचा हक्क आहे की नाही, यावरही खटला झाला. २०२३ च्या सुरुवातीला नाही असा निकाल आला तेव्हा हजारो माणसं मूरवर चालत गेली, मीही गेले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हक्क आहे असं सांगितलं.

शेवटचं एक ठिकाण. मधल्या मूरवरच्या जुन्या शेतांतली माणसं कायद्याने लिडफर्डच्या चर्चची. त्यामुळे मेलेलं माणूस तिथवर न्यावं लागे, दलदल, ओढे, पाऊस ओलांडून, सुमारे वीस किलोमीटर. त्या वाटेचं नावच लिच वे, म्हणजे प्रेताची वाट. १२६० साली बिशप ब्रॉन्सकोम यांनी या लोकांना जवळच्या वाइडकोमला दफनाची मुभा दिली. वाइडकोमची वाट डार्टमीटच्या खड्या चढावरून जाते. चढ संपत येतो तिथे गवतात एक मोठी शिळा आहे, मधोमध दुभंगलेली. तिच्यावर क्रूस आणि नावांची आद्याक्षरं कोरलेली आहेत. खांदेकरी इथे पेटी टेकवून दम घ्यायचे. कॉफिन स्टोन म्हणतात तिला.

बाबांना तिथे नेलं तेव्हा मी काही सांगायच्या आत त्यांनी टोपी काढली. “विसावा,” ते म्हणाले. आमच्या गावी सड्याच्या कडेला, आईनाच्या झाडाखाली असाच एक सपाट चिरा आहे. तिरडी तिथे टेकवतात, खांदेकरी जागा बदलतात आणि पुढे जातात. आई तिथून गेली, आजी-आजोबा गेले.

बाबा २०१८ च्या मे महिन्यात गेले. पहाटे भावाचा फोन आला. विमान मिळून मी पोहोचेपर्यंत दोन दिवस जाणार होते. माझ्यासाठी थांबवू नका, असं मीच सांगितलं. आमच्याकडे साडेचारला उठवणार म्हणजे इथे दुपारचे बारा. तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. मी गाडी काढली आणि डार्टमीटच्या चढावर गेले. गॉर्स फुलला होता. खालच्या बाजूला दोन घोड्या शिंगरांना घेऊन चरत होत्या. मी त्या शिळेपाशी उभी राहिले. भावाने नंतर सांगितलं, आईनाखाली नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ थांबलो होतो, पाऊस आल्यासारखं झालं होतं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. विसाव्यावर थांबतात तेवढा वेळ मी थांबले आणि मागे न बघता उतरून आले.